टॅम्पिनीसची टीम

आमच्या विभागप्रमुख मिसेस गोहनं माझ्या कानात थर्मामीटर धरला आणि आकडा उमटायची वाट बघता बघता सहज सांगून टाकलं की नरेशनं टॅम्पिनीसची टीम स्वतःहून मागून घेतली होती. "युअर हजबंड व्हेरी गुड, लाह," ती म्हणाली. "नोबडी वॉन्ट टॅम्पिनीस. ही कम अँड आस्क मी हिमसेल्फ." मशीन वाजलं. ताप नव्हता. तिनं माझ्या कॉलरवर त्या सकाळचं हिरवं स्टिकर चिकटवलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मी थँक्यू म्हणाले, कशाबद्दल कोण जाणे. सिंगापूरमधल्या रॅफल्स प्लेसच्या आमच्या बँकेच्या इमारतीत रोज सकाळ-दुपार असा कान पुढे करून उभं राहायचं, मग आपल्याला आत सोडत. मी टेबलापाशी जाऊन बसले, कॉम्प्युटर चालू केला. तो चालू व्हायला वेळ घेत होता आणि मला एकच गोष्ट कळत होती. नरेश माझा नवरा, आणि आम्हाला या आजारानं वेगळं केलं असं मी इतके आठवडे धरून चालले होते, ते खोटं होतं.

झालं होतं असं. सार्सची साथ आल्यावर बँकेनं आमच्या विभागाचे दोन भाग केले. अर्धे लोक रॅफल्स प्लेसला, अर्धे टॅम्पिनीसच्या जादा ऑफिसात. एका टीममध्ये कुणाला आजार झाला आणि सगळ्या टीमला घरी बसवायची वेळ आली, तर दुसरीनं काम चालवायचं. म्हणून दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना भेटायचं नाही. ऑफिसात नाही, जेवायला नाही, रस्त्यात दिसलं तर लांबून मान हलवायची. एका घरातली दोन माणसं असली तर दोघांनी एकाच टीममध्ये राहायचं, नाहीतर एकानं घर सोडून दुसरीकडे राहायला जायचं. नरेश आणि मी एकाच विभागात. तो एका संध्याकाळी घरी आला, हात कोपरापर्यंत धुतले आणि सोफ्याच्या कडेला टेकून म्हणाला, "मला टॅम्पिनीसला टाकलंय. काही इलाज नाही." चेहरा असा पाडला होता की मीच त्याची समजूत घातली. त्याच्या मित्राची, प्रकाशची बायको सार्सच्या धास्तीनं मुलांना घेऊन नाशिकला गेली होती, त्याच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये खोली रिकामी होती. नरेशची बॅग मी भरली. इस्त्रीचे शर्ट वर ठेवले, चुरगळू नयेत म्हणून. टेबलापाशी बसल्या बसल्या मला ते शर्ट आठवले, आणि राग आला तो आधी त्या शर्टांचाच आला.

आमचं काम म्हणजे मधल्या माणसाचं काम. चीनमधला कारखानदार माल करणार, अमेरिकेतला दुकानदार घेणार, मध्ये सिंगापूरची एखादी व्यापारी कंपनी, आणि या सगळ्यांचा एकमेकांवर विश्वास नाही म्हणून आमची बँक. कारखान्याकडून आलेली कागदपत्रं मी तपासायची, अमेरिकेच्या बाजूशी नरेशनं बोलायचं. त्या कागदांत एक कागद असा, की दुकानदाराच्या माणसानं स्वतः कारखान्यात जाऊन माल बघितला आणि सही केली. त्या सहीसाठी, साथ जिथं सुरू झाली त्या ग्वांगडाँगला जायला आता कुणी तयार नव्हतं. माल तयार, जहाज तयार, घेणाऱ्याला हवा, विकणाऱ्याला द्यायचा; फक्त माणूस जात नव्हता. बागेत ठेवायच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक मोठी ऑर्डर अशीच गोदामात अडकली होती. अमेरिकेतला उन्हाळा संपल्यावर त्या पोचून उपयोग काय, वरातीमागून घोडं. कारखानदार रोज फोन करून विचारायचा, आमचं काय चुकलं. चूक कुणाचीच नव्हती, आणि कुणाची चूक नसली की माणसं किती निवांतपणे एकमेकांपासून लांब राहतात ते मी रोज बघत होते. अमेरिकेतला दुकानदार म्हणायचा, आम्हाला आमच्या माणसांच्या जिवाची काळजी आहे. तुमच्याबद्दल आदर आहे, पण काळजी आहे. कुणी फार काळजी करायला लागलं की समजावं, तो काही येत नाही.

आणि तरीही मला ते दिवस आवडत होते, हे सांगायलाच हवं. बुओना व्हिस्टाच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि इरा दोघीच. इरा सात वर्षांची. तिला शाळेनं स्वतःचं थर्मामीटर दिलं होतं आणि ती उठल्यासुटल्या आपला ताप मोजायची. मी पलंगावर आडवी झोपायचे. रोज खिचडीच करायचे आणि ती पातेल्यातूनच खायचे. दिवा कधी घालवायचा, पंखा किती ठेवायचा, कुणाला विचारायचं नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आमच्या घरात देव मानत नाहीत, पण म्हण म्हणायची तर तो लागतोच. नरेश घरात असला की त्रास द्यायचा असं मुळीच नाही. तो भांडत नसे. भांडी घासायचा, कचरा खाली टाकून यायचा, इराचा अभ्यास घ्यायचा. बायका मला नशीबवान म्हणायच्या. फक्त मी एखाद्या खोलीत जाऊन बसले की त्याला दुसऱ्या खोलीतलं काहीतरी आठवायचं. त्यामुळे तो गेल्यावर घर मोकळं झालं, त्याची वाट बघायलाही मोकळीक झाली, आणि त्यात माझ्याकडे काही वाईटपणा येत नव्हता, कारण सगळं सार्समुळे. आता त्याच मोकळ्या घराचा मला अपमान वाटायला लागला. दुराव्याचं सुख मला चालत होतं. तो दुरावा त्याला माझ्या आधी सुचला, त्यानं जाऊन मागून आणला, हे चालेना. न्यायानं बघायला गेलं तर दोघांची लबाडी सारखीच. पण न्यायानं बघायला मी काही बसले नव्हते.

साडेनऊच्या सुमाराला त्याचा फोन आला, रोजच्यासारखा. आमचे ऑफिसचे फोन रेकॉर्ड होतात, त्यामुळे आम्ही त्यावर इंग्रजीत आणि अदबीनं बोलतो. गेल्या काही आठवड्यांत आमच्यात जेवढं बोलणं झालं तेवढं लग्नानंतरच्या कुठल्या वर्षात झालं असेल असं मला वाटत नाही. खुर्च्यांच्या कागदांवर जहाजाची तारीख पुढची पडलीय का, अमेरिकन पार्टी तेवढ्यापुरती सूट देईल का. त्याचा आवाज फोनवर फार चांगला येतो. "गुड मॉर्निंग, दीक्षा," तो म्हणाला, "अमेरिकेकडून अजून उत्तर नाही." मी म्हणाले, "टॅम्पिनीस तू मागून घेतलंस?" मराठीत म्हणाले. पलीकडे कुणाच्या तरी प्रिंटरचा आवाज येत होता. "ही लाइन रेकॉर्ड होते," तो म्हणाला, तेही मराठीत. मग इंग्रजीत म्हणाला की पार्टीला तो पुन्हा एकदा आठवण करून देईल. मी पण बरं म्हणाले. माझ्या शेजारच्या मुलीला त्यातलं काहीही कळलं नाही, आणि मी पुढचे कागद ओढून तारखा तपासायला लागले.

तारखा तपासताना डोकं दुसरीकडे जायला मोकळं असतं. आमचं लग्न औरंगाबादला झालं, बाबांच्या कॉलेजच्या हॉलमध्ये. मुहूर्त नाही, सात पावलं नाहीत. पांढरे कपडे, मेणबत्त्या, वंदना आणि प्रतिज्ञा. पत्नीचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, दुसरीकडे बघणार नाही, घरचा कारभार तिच्या हाती देईन, वस्त्र-अलंकार देईन. नरेशनं त्या स्वच्छ आवाजात म्हटल्या आणि आजपर्यंत एकही मोडलेली नाही. तिच्याजवळ राहीन, असं मात्र त्यात कुठं नाही. लिहिणाऱ्यांना ते सांगायची गरज वाटली नसेल. या वर्षी जयंतीला सगळी घरं एकत्र जमायची ती सार्समुळे जमली नाहीत. मी आणि इरानं घरीच मेणबत्ती लावली आणि नरेशला फोनच्या स्पीकरवर घेतलं, दुधाची तहान ताकावर. तो तिकडून म्हणायचा, आम्ही इकडून. त्रिशरण झालं, पंचशील अर्ध्यावर आलं आणि तो म्हणाला, थांबा, अमेरिकेचा फोन येतोय. आम्ही दोघी हात जोडून थांबलो. मग इराच पुढचं म्हणाली, थोडं चुकीचं. मला तेव्हा त्याची कीव आली होती, बिचारा सणासुदीला एकटा. त्या कीवेचीही आता मला लाज वाटत होती.

संध्याकाळी इराला शेजारच्या निशिगंधाकडे थांबायला सांगितलं आणि स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जाऊन बसले. एरवी तिथं टेबल मिळवायला ताटकळावं लागतं. त्या दिवशी टेबलंच टेबलं. मी लिंबाचा रस मागवला आणि मोबाइलवरून त्याला फोन लावला. ही लाइन रेकॉर्ड होत नव्हती. त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं, तो समजावून सांगण्यात हुशारच आहे. आपण दोघं एकाच टीममध्ये असतो आणि तिथं एखाद्याला ताप आला असता तर दोघंही घरात अडकलो असतो, डेस्क बंद पडलं असतं, इराला कुणी बघितलं असतं. "आधी डेस्क म्हणालास, मग इरा," मी म्हणाले. "तू शब्द पकडतेस," तो म्हणाला. "मी तुझाच विचार केला. टॅम्पिनीस तुला लांब पडलं असतं." मी विचारलं, मग मला तसं सांगितलं का नाहीस, बँकेनं टाकलं असं का म्हणालास. खोटं बोलायची त्याला सवय नाही, एकदा बोलून झालं होतं तेवढंच. "सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस." "मग?" "मग राहावं लागलं असतं," तो म्हणाला.

त्याच्या लक्षातही आलं नाही तो काय बोलला ते. पुढे लगेच इराचा ताप मोजतेस ना, बाहेरचं खाऊ नकोस, असलं बोलायला लागला. मी हो हो करत राहिले. मला बाबांचे शेवटचे दिवस आठवत होते. औरंगाबादच्या दवाखान्यात बाबा अंथरुणावर, मी त्यांच्या उशाशी, आणि नरेश सारखा धावतोय. औषधं आण, रक्ताची सोय कर, डॉक्टरांना गाठ, पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन ये. जावई असावा तर असा, असं खाटेभोवतीचा प्रत्येक माणूस म्हणाला. बाबा गेले तेव्हा तो खाली फळं आणायला गेला होता. फळं कुणाला हवी होती. वर आला तेव्हा हातात मोसंब्यांची पिशवी, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना म्हणून तो ती धरून भिंतीशी उभा. मी त्याच्याकडे बघत होते, त्यानं माझ्याजवळ येऊन बसावं म्हणून. तो म्हणाला, "मी गाडीचं बघतो," आणि पुन्हा गेला. इराच्या वेळेला पण तेच. मला दिवस गेले आणि यानं सिंगापूरची नोकरी घेतली, पुढे जाऊन घर लावून ठेवतो म्हणून. घर लावलं खरं, पाळणासुद्धा आणून ठेवला. इरा झाली तेव्हा माझ्या अंगाला आईचा हात होता. यातली एकही गोष्ट कुणाला तक्रार म्हणून सांगता येत नाही. सांगायला गेलं तर ऐकणारा म्हणेल, बाई, तुझं सुख तुला टोचतंय. लिंबाच्या रसातलं बर्फ विरघळून गेलं. समोरचा नूडलवाला स्वतःच्याच कानात थर्मामीटर धरून ताप बघत होता, मला बघून ओशाळं हसला.

पुढच्या रविवारी तो नेहमीप्रमाणे आमच्या इमारतीखाली आला. भेटायचं नाही हा नियम, त्यामुळे तो खाली मुलांच्या झोपाळ्यापाशी उभा राहायचा, इरा वर आमच्या मजल्याच्या कठड्याशी, आणि दोघं मोबाइलवर बोलायची. इतके दिवस मी कठड्यापर्यंत जाऊन हात हलवायचे. या वेळी दाराआड राहिले. "पप्पा, व्हाय यू नेव्हर कम अप?" इरा म्हणत होती. "कॅनॉट ऑर डोन्ट वॉन्ट?" तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "ओके, लाह," आणि मग बराच वेळ त्याला शाळेतल्या कुठल्या मुलीनं ताप लपवला ते सांगत राहिली. मी दाराच्या फटीतून बघितलं. तो मान वर करून हसत होता, मनापासून. लांबून त्याला फार चांगलं हसता येतं. मला एकदा वाटलं, जावं खाली, नियम गेला खड्ड्यात, त्याच्या अंगाला अंग लावून उभं राहावं आणि बघावं तो किती पावलं मागे सरतो ते. गेले नाही. तो सरला असता तर मला ते बघायचं नव्हतं.

मे संपताना सिंगापूरचं नाव आजाराच्या यादीतून निघालं. कान पुढे करायचं थांबलं, स्टिकर थांबली. खुर्च्यांची ऑर्डर तोवर रद्द झाली होती. कारखानदारानं फोन करायचं सोडून दिलं होतं. मला वाटलं दोन्ही टीम आता एकत्र येणार, पण त्या शुक्रवारी मिसेस गोहनं मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. काम निम्म्यावर आलं होतं. अमेरिकेनं चीनला द्यायच्या ऑर्डरी कमी केल्या होत्या, त्या केव्हा वाढतील सांगता येत नव्हतं. आणि इतके आठवडे एकेक टीम अर्ध्या माणसांत चाललीच होती. म्हणजे अर्ध्या माणसांत चालतं, हे बँकेला आता ठाऊक झालं होतं. आमच्या डेस्कवर एकच माणूस राहणार. "यू टू हजबंड वाइफ," ती अवघडून म्हणाली. "यू डिस्कस अॅट होम फर्स्ट. मंडे टेल मी." वाईट बाई नाही ती. तिनं टिश्यू पेपरचा डबा माझ्यापुढे केला, पण मला रडू येत नव्हतं. मला उलट एक विचित्र उत्साह वाटत होता. आता काहीतरी असं होतं, की जे दोघांपैकी एकालाच मिळणार होतं. आता त्याला माझ्यासमोर बसावं लागणार होतं.

घरी जाताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये मी मनाशी ठरवून टाकलं. ती जागा मला त्याला द्यायची होती. मी घरी बसायला तयार होते, दुसरीकडे शोधायला तयार होते. अट एकच, त्यानं ती मागायला हवी. म्हणावं, दीक्षा, मला इथं राहायचंय, तुझ्याजवळ, इराजवळ राहायचंय, ही नोकरी मला दे. भांडावं, हिसकावून घ्यावी, आवाज चढवावा; मी चढवू दिला असता. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे एकही गोष्ट मागितलेली नव्हती.

शनिवारी दुपारी तो बॅग घेऊन आला. इरानं दारातच त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्यानं डोळे मिटले, ते मी बघितलं. मी वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. तो पोटभर जेवला, चव घेऊन. इरा झोपाळ्यावर गेली आणि आम्ही टेबलाशी समोरासमोर राहिलो. मी म्हणाले, "मिसेस गोह तुझ्याशी बोलली?"

"हो, कालच. फोनवर."

"मग?"

"मी सांगूनही टाकलं," तो म्हणाला. "दीक्षाला ठेवा म्हणून."

त्याच्या चेहऱ्यावर एखादी चांगली वस्तू आणून दिल्यासारखं समाधान होतं. तो पुढे बोलत राहिला. इराची शाळा इथं आहे, तिला मध्येच काढायचं नाही. माझा इथं जम बसलाय, माझ्यावर मिसेस गोहचा विश्वास आहे. तो नागपूरला जाऊन काही महिने बघेल, भाऊंच्या ओळखीनं तिकडं काहीतरी होईल, भाऊंचंही आता वय झालंय. भाऊ म्हणजे माझे सासरे, भाऊसाहेब. ते ठणठणीत आहेत आणि रोज सकाळी फिरायला जातात. पण त्याचं सगळं बरोबर होतं. बोट ठेवायला जागा नव्हती.

"आपण पीआर आहोत, इथले कायमचे रहिवासी, नरेश," मी म्हणाले. "नोकरी गेली म्हणून इथून कुणी काढत नाही. तुला इथं राहता येतं."

"येतं ना. पण रिकामं बसून काय करू?"

"काहीच करू नकोस. नुसता राहा."

त्याला ते कळलं नाही. म्हणाला, "मी हे तुझ्यासाठीच करतोय, दीक्षा. तू असं बोलायला नको."

"तू माझ्यासाठी नेहमीच करतोस," मी म्हणाले. "आणि ते करायला तुला नेहमी कुठंतरी जावं लागतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर मी अजून काही आशा धरली असती. एवढ्यात इरा घामाघूम होऊन वर आली, त्याच्या मांडीला रेलून पाणी प्यायली आणि तोंड पुसत तिनं विचारलं, "पप्पा, नाऊ नो मोअर टॅम्पिनीस, राइट? यू स्टे हिअर ऑलरेडी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. आजवर इराच्या असल्या प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. पप्पांना काम आहे, पप्पांचा नाइलाज आहे, पप्पा आपल्यासाठीच गेलेत. ती इतकी तोंडपाठ होती की आताही जिभेवर आली. इरा वाट बघत उभी होती, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत. तो माझ्याकडेच बघत राहिला, मी सांगावं म्हणून. मी सांगितलं नाही.